उडालेला फ्यूज वाचताना

फ्यूज उडाला की घरात पहिला प्रश्न निघतो तो दुसरा फ्यूज कुठे मिळेल हा. त्याआधी विचारायला हवं, की हा का उडाला? आपल्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह गेला म्हणून तो वितळला. तो प्रवाह यंत्रातल्या कुठल्यातरी भागाने ओढला, आणि तो भाग बहुतेक वेळा अजून तसाच आत बसलेला असतो. नवा फ्यूज टाकून बटण दाबलं की त्याच दोषाला पुन्हा २३० व्होल्ट मिळतात. दुसऱ्या खेपेला नुसता फ्यूजच जाईल याचा भरवसा नाही. पहिल्या वेळी वाचलेला एखादा भागही सोबत जातो. म्हणून या प्रकरणात बोलायचं आहे ते फ्यूज बदलण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल. माझ्या मते खरी दुरुस्ती तेवढ्या वेळातच होते. त्यानंतर उरतं ते डाग देण्याचं आणि स्क्रू पिळण्याचं काम.

फ्यूजमागचं तत्त्व साधं आहे. तारेतून वीज वाहिली की तार तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडलं. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट. मग सगळ्या वाटेत एकच तुकडा मुद्दाम बारीक ठेवायचा, म्हणजे तापायची पाळी आली की तो आधी वितळेल आणि बाकीची तार वाचेल. टेलिग्राफच्या काळातच ही युक्ती सुचली होती. विजेच्या दिव्यांसाठी थॉमस एडिसन यांनी १८८० मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण किती जाडीची तार किती अँपिअरला वितळते याचा हिशेब बसवला तो ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते विल्यम प्रीस यांनी, १८८० च्या दशकात. तार जाड झाली की तिचा रोध घटतो आणि बाहेरचा पृष्ठभाग वाढल्यामुळे ती निवतेही लवकर. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन, जाडी दुप्पट केली तर वितळण्यासाठी लागणारा प्रवाह जवळजवळ २.८ पट होतो. प्रीस यांच्या सूत्राप्रमाणे ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार सुमारे ७ अँपिअरला वितळते आणि ०.५ मिलिमीटरची सुमारे २८ अँपिअरला. हातात घेतल्या तर दोन्ही ‘बारीक तार’ म्हणूनच खपतात.

हा हिशेब आपल्याकडे अजून रोजच्या उपयोगाचा आहे, कारण जुन्या वाड्यांत, चाळींत आणि खेड्यांतल्या घरांत चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे तार बांधायचे फ्यूज, अजून भिंतीवर आहेत. तार गेली की कुणीतरी वायरचा तुकडा सोलतो, त्यातला पदर काढतो आणि बांधतो. पदर एकच असेल तर फारसं बिघडत नाही. एक चौरस मिलिमीटरच्या लवचिक वायरीत बहुधा ०.२ मिलिमीटरचे ३२ पदर असतात, आणि पाच अँपिअरची फ्यूज तारही त्याच जाडीची असते. पण ‘सारखा जातोय’ म्हणून तीन-चार पदरांना पीळ देऊन बांधलं, की तो फ्यूज वीस अँपिअरलाही हूं की चूं करत नाही. दिव्यांसाठी भिंतीतून नेलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर पंधराएक अँपिअर झेपवणारी असते. आता फ्यूजच्या जागी ती तापू लागते. तिच्यावरचं साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकावं अशा बेताने बनवलेलं असतं. ते पाइपाच्या आत मऊ पडतं, काळं होतं, एका ठिकाणी उघडं पडतं, आणि हे सगळं कुणाला दिसत नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा खिळा लावणाऱ्याने तर फ्यूज काढूनच टाकलेला असतो.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. फ्यूज माणसाला वाचवण्यासाठी नसतो. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह गेला तर जिवाला धोका असतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला एवढ्याशा प्रवाहाचा पत्ताही लागत नाही. ते काम आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं. गिझरची कॉइल फुटून पाण्यात वीज उतरली तर धड अर्थिंग नसलेल्या घरात फ्यूज शाबूत राहतो आणि नळाला हात लावणारा चिकटतो. फ्यूज राखतो तो तारेला आणि यंत्राला, आणि तेही आगीपासून.

आता यंत्राच्या आतल्या फ्यूजकडे वळू. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, स्टॅबिलायझर, अँप्लिफायर, वॉशिंग मशीनचा बोर्ड, या सगळ्यांत बहुतेक वेळा काचेची छोटी नळी असते, २० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड. यंत्राची पिन बोर्डातून उपसून काढल्यावर (नुसतं बटण बंद करून नव्हे) ही नळी क्लिपमधून सोडवा आणि उजेडासमोर धरा. काय घडलं ते पुष्कळदा या नळीतच लिहिलेलं असतं.

तार मधोमध तुटली आहे, दोन्ही टोकं जागच्या जागी आहेत, तुटल्या जागी बारीक गोळी धरली आहे आणि काच स्वच्छ आहे, असं दिसलं तर प्रवाह थोडासाच जास्त होता आणि तार सावकाश वितळली. कुठेतरी भार वाढला आहे: मोटर जड फिरते आहे, पंखा अडकतो आहे, ट्रान्सफॉर्मर आतून तापतो आहे. नाहीतर फ्यूजच म्हातारा झाला आहे. दर वेळी बटण दाबलं की ती तार तापून लांबते आणि निवून आखडते. वर्षानुवर्षं असं होऊन ती काहीही दोष नसताना तुटू शकते. एकदा तोच आकडा टाकून पाहायला हरकत नाही, असं मी म्हणेन ते या एकाच चेहऱ्याच्या फ्यूजबाबत.

काच आतून काळी झाली आहे, किंवा तिच्यावर आरशासारखा चकचकीत थर चढला आहे आणि तार दिसतच नाही, असं असेल तर प्रकरण वेगळं. इथे शेकड्यांनी अँपिअर क्षणार्धात गेले, धातूची वाफ झाली आणि ती काचेवर बसली. म्हणजे आत थेट शॉर्ट आहे. असा फ्यूज पाहिल्यावर दुसरा टाकून बघणं हा शुद्ध वेडेपणा आहे. दुसराही त्याच क्षणी जाईल.

तिसरा प्रकार फसवा. तार अखंड दिसते, पण ती टोपीच्या आत, डाग दिलेल्या जागी सुटलेली असते. पांढऱ्या चिनी मातीच्या नळीत तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून डोळ्यांनी पाहिलं तरी मल्टिमीटर लावायचाच. फ्यूज सर्किटमधून पूर्ण काढून दोन टोप्यांवर दोन सळया टेकवा. चांगला फ्यूज ओहमचा एखादा अंश दाखवेल, मीटर बीप वाजवेल. यंत्रात बसलेल्या फ्यूजवर मोजलं तर दुसऱ्या वाटेने आलेला रोध मीटरला दिसतो आणि मेलेला फ्यूज जिवंत वाटतो.

टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. भिंग घ्या, पण ती वाचा. ‘टी ३.१५ ए एल २५० व्ही’ असं काहीसं असेल. यातला ३.१५ हा अँपिअरचा आकडा सगळे पाहतात आणि बाकीचं सोडून देतात. वाया जाणाऱ्या फ्यूजांतले कितीतरी इथेच वाया जातात. पहिलं अक्षर वेग सांगतं. ‘एफ’ म्हणजे झटपट जाणारा, ‘टी’ म्हणजे दमाने जाणारा. मोटर सुरू होताना, ट्रान्सफॉर्मरला वीज मिळताना किंवा रिकामा कंडेन्सर भरताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह लागतो, आणि हे दुखणं नव्हे. ‘टी’ फ्यूज तो धक्का सोसतो. त्याच्या जागी ‘एफ’ टाकला तर निरोगी यंत्रसुद्धा बटण दाबताच बंद पडेल आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसाल. उलट ‘एफ’च्या जागी ‘टी’ टाकला तर तो जाईपर्यंत ट्रान्झिस्टर जळून गेलेला असेल.

‘एल’ आणि ‘एच’ ही अक्षरं त्याहून महत्त्वाची आणि त्याहून दुर्लक्षित. फ्यूज किती मोठा प्रवाह सुखरूप तोडू शकतो ते ती सांगतात. तार वितळली म्हणजे काम संपलं असं नसतं. तुटल्या जागी ठिणगीचा पूल तयार होतो आणि त्यावरून वीज वाहत राहते. तो पूल विझवावा लागतो. काचेच्या ‘एल’ फ्यूजची मर्यादा ३५ अँपिअर किंवा स्वतःच्या आकड्याच्या दहापट, यांतली मोठी ती. ‘एच’ फ्यूज १५०० अँपिअर तोडतो, कारण त्याच्या मातीच्या नळीत बहुधा बारीक वाळू भरलेली असते. ठिणगीच्या उष्णतेने वाळू वितळून काच बनते आणि वाट बंद होते. घर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ असेल तर शॉर्टच्या क्षणी हजारभर अँपिअर सहज मिळतात. अशा जागी मातीच्या नळीऐवजी काचेची नळी बसवली तर ती फुटून तुकडे उडू शकतात. मातीच्या जागी मातीचाच फ्यूज.

व्होल्टचा आकडाही शोभेचा नाही. मोटारगाडीचा रंगीत पात्यांचा फ्यूज ३२ व्होल्टचा असतो. अँपिअर जुळले म्हणून तो २३० व्होल्टवर लावू नये. घरच्या विजेला एक सोय आहे, तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझायची संधी मिळते. सौर पॅनेलच्या डीसीला ती संधी नाही. छपरावरच्या सोलरच्या डीसी बाजूला साधा एसी फ्यूज लावलेला दिसला तर तो त्याच दिवशी बदलून घ्या.

आणि अँपिअरचा आकडा म्हणजे ‘या आकड्याला उडतो’ असंही नाही. तेवढा प्रवाह तो कायम वाहू शकतो, असा त्याचा अर्थ. या छोट्या फ्यूजांच्या नेहमीच्या प्रकारांनी दीडपट प्रवाह निदान तासभर सोसावा आणि २.१ पट प्रवाहाला अर्ध्या तासाच्या आत उडावं, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. तेव्हा ‘मोठा टाकला तर टिकेल’ या विचाराला जागाच नाही. कंपनीने हे सगळं धरूनच आकडा ठरवलेला असतो.

मूळ दोष कसा शोधायचा हे यंत्रागणिक वेगळं. तापणाऱ्या यंत्रांचं सगळ्यांत सोपं, कारण तिथे गणित कागदावर करता येतं. व्होल्टचा वर्ग करा, त्याला वॅटने भागा, की रोध आला. हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम, दोन हजार वॅटच्या गिझरचा सुमारे २६. पिन बोर्डातून काढून, इस्त्रीचं बटण चालू स्थितीत ठेवून, पिनच्या दोन बारीक टोकांमध्ये मोजा. आकडा जवळपास आला तर कॉइल ठीक. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे, आणि इस्त्रीच्या बाबतीत तो दहांतल्या नऊ वेळा कॉर्डमध्येच असतो, जिथे ती वळते त्या मुठीपाशी. मग जाड टोक आणि एकेक बारीक टोक यांच्यात मोजा. तिथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर वीज अंगावर, म्हणजे लोखंडी भागावर उतरते आहे आणि ते यंत्र पुन्हा लावायचं नाही.

राइस कुकर, कॉफी मेकर, टेबल फॅन यांत थर्मल फ्यूज असतो. तो प्रवाहाने सहसा जात नाही, तापमानाने जातो. अंगावर अंश सेल्सिअस छापलेले असतात. तो गेला म्हणजे काहीतरी जास्त तापलं: पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलं, किंवा थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले. ते न पाहता तो बदलणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. बसवताना त्याला डाग देऊ नका, सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो जातो. नळी दाबून जोडायचा.

मिक्सरबद्दल थोडक्यात. त्याच्या बुडाशी असलेलं लाल बटण म्हणजे फ्यूजचंच भावंड, फक्त पुन्हा दाबता येणारं. जड वाटणाने ते बाहेर आलं असेल तर मिक्सर बंद करून पाच-दहा मिनिटं निवू द्या, भांड्यातला ऐवज कमी करा, मग दाबा. पण रिकामं भांडं फिरवतानाही ते बाहेर येत असेल किंवा घरातला एमसीबी पडत असेल, आणि जळक्या वॉर्निशचा वास असेल, तर आर्मेचर गेलं आहे. परदेशी राहणाऱ्यांसाठी एक पुरवणी: ब्रिटनमध्ये प्रत्येक पिनच्या आतच फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. इथून नेलेला ७५० वॅटचा मिक्सर सुमारे सव्वातीन अँपिअर घेतो आणि सुरू होताना बराच जास्त. तीनचा फ्यूज त्यात वरचेवर जाऊ शकतो. तिथे पाचचाही मिळतो, तो घालावा.

ज्या दोषाने आपल्याकडे सगळ्यांत जास्त फ्यूज जात असावेत, त्याला खरं तर यंत्राचा दोष म्हणताच येत नाही. पावसाळ्यात, वाऱ्यावादळात खांबावरचा न्यूट्रल तुटतो. डीपीवरून, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. कोणत्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि न्यूट्रलमुळे प्रत्येक घराला त्यातले २३० मिळतात. न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची घरं एकमेकांशी साखळीने जोडली जातात, आणि ज्या बाजूला भार कमी तिथे दाब चढतो. एका घरात दिवे मिणमिणतात, शेजारी ते डोळे दिपवतात आणि पंखे सुसाट सुटतात. असं दिसलं की बाकी काही न करता मेन स्विच पाडा.

नाहीतर टीव्हीच्या आत काय होतं पाहा. फ्यूजच्या लगेच मागे एक चपटी, निळी किंवा पिवळी चकती असते, व्हॅरिस्टर. तिच्यावर ४७१ असा आकडा असेल तर अर्थ ४७ पुढे एक शून्य, ४७० व्होल्ट. एसीचे २३० व्होल्ट म्हणजे शिखरावर ३२५, तोवर ती शांत असते. दाब ३५० वर गेला की शिखर ४९५ वर जातं, व्हॅरिस्टर वीज वाहू लागतो, तापतो, तडकतो, आणि त्याच धडाक्यात फ्यूज जातो. ही यंत्रणा यशस्वी झाली असं समजा; मागचा मोठा कंडेन्सर, जो बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो, तो तिच्यामुळे वाचला. काळी काच आणि तडकलेली चकती एकत्र दिसली तर नशीब चांगलं आहे. चकती आणि फ्यूज दोन्ही त्याच आकड्याचे आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत काही रुपयांत मिळतात. पुष्कळ ठिकाणी जळलेली चकती कापून टाकतात आणि नुसता फ्यूज घालून टीव्ही परत देतात. तो चालतोही. पण पुढच्या वेळी न्यूट्रल तुटला की मध्ये कुणी नसतं. मला ही अर्धी दुरुस्ती बिनदुरुस्तीपेक्षा वाईट वाटते, कारण मालकाला ती कळत नाही.

चकती धड असेल तर पुढे जायचं, पण आधी त्या मोठ्या कंडेन्सरचा बंदोबस्त करा. पिन काढल्यावरही त्यात ३२५ व्होल्ट साठलेले असू शकतात, विशेषतः फ्यूज उडून पुढचं सर्किट मेलेलं असताना, कारण मग तो रिकामा करायला कुणी उरत नाही. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. साध्या फिलामेंट बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या पायांना काही सेकंद टेकवा आणि मग मीटरने दाब उतरल्याची खात्री करा. त्यानंतर एसीची डीसी करणाऱ्या ब्रिजचे चार डायोड मोजा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवला तर चांगला डायोड एका दिशेने अर्धा व्होल्टच्या आसपास दाखवतो, उलट दिशेने काही नाही. दोन्ही दिशांनी शून्य म्हणजे तो शॉर्ट. मग वीज भराभर चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, मॉसफेट, त्याचे ड्रेन आणि सोर्स हे दोन पाय मोजा. फ्यूज काळा होण्याचं हे नेहमीचं कारण. मॉसफेट शॉर्ट निघाला तर तो एकटा गेलेला नसतो: त्याच्या सोर्सपाशी एक ओहमहूनही कमी रोधाचा छोटा रेझिस्टर असतो, तो उघडा पडतो, आणि चालवणारी आयसीही बऱ्याचदा जाते. नुसता मॉसफेट बदलून वीज दिली की तो पुन्हा जातो आणि दोष ‘खराब पार्ट’च्या माथी मारला जातो. तिन्ही तपासा.

दुरुस्ती झाली असं वाटल्यावर सरळ बोर्डात पिन घालू नका. रेडिओ-टीव्हीच्या जुन्या कारागिरांकडे एक सिरीज बोर्ड असे: होल्डरमध्ये शंभर वॅटचा फिलामेंट बल्ब, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये प्लगची जागा. यंत्रात शॉर्ट असला तरी बल्ब अर्ध्या अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. तो पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. यंत्र ठीक असेल तर कंडेन्सर भरताना बल्ब क्षणभर चमकतो आणि मंद होतो. याहून स्वस्त आणि शहाणं उपकरण मला माहीत नाही, आणि फिलामेंटचे बल्ब दुर्मीळ होत चालले आहेत म्हणून दोन-चार आणून ठेवावेत. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. इस्त्री-गिझरलाही ही चाचणी लावू नका: त्यांचा रोध मुळात इतका कमी, की धडधाकट असूनही बल्ब पूर्ण पेटतो. आणि लक्षात असू द्या, बल्ब प्रवाह रोखतो पण यंत्राच्या आतल्या उघड्या भागांवर वीज तेवढीच जीवघेणी असते.

शेतावरच्या पंपाची गोष्ट उलटी आहे. तिथे उडालेला फ्यूजच नवं संकट आणतो. तीन फेजपैकी एकाचा फ्यूज गेला तर चालू मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून ती जवळजवळ पावणेदोन पट प्रवाह ओढत घरघरत राहते, आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळतं. बांधलेला फ्यूज जाड असेल तर तोही काही करत नाही. म्हणून स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि नीट लावलेला ओव्हरलोड रिले हवाच. त्याला फाटा देऊन केलेली बचत एका रिवायंडिंगमध्ये निघून जाते.

डीपीवरचा फ्यूज मात्र कुणीही स्वतः बांधायला जाऊ नये. पीक वाळतंय, वायरमन येत नाही, आणि पाणी द्यायची पाळी रात्रीची, ही अडचण मला कळते. पण त्या खांबावर वरच्या बाजूला ११,००० व्होल्ट असतात, डीओ (वरच्या लाइनचा ड्रॉप-आउट फ्यूज) खाली पाडला आहे असं वाटूनही एखादा फेज चालू राहू शकतो, आणि दुसऱ्या कुणाच्या जनरेटरमधून वीज उलटीही येते. असे जीव गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. घरातलाही मीटरच्या आधीचा, सील केलेला कट-आउट वीज कंपनीचा असतो. तो तिलाच उघडू द्यावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही घरी उघडू नका. त्याच्या कंडेन्सरमध्ये दोन हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते टिकू शकतात.

यंत्र दुकानात द्यायचंच असेल तर उडालेला फ्यूज फेकून देऊ नका. कागदात गुंडाळून यंत्रासोबत द्या, आणि सांगा की तो बटण दाबताक्षणी गेला की चालता चालता. त्या वेळी घरातले दिवे कमी-जास्त झाले का. आणि याआधी कुणी तो बदलला होता का. चांगल्या मेकॅनिकचा अर्धा शोध यातच होतो. परत घेताना झाकण लावण्याआधी आतला नवा फ्यूज दाखवायला सांगा आणि त्याच्या टोपीवरचा आकडा बोर्डावर छापलेल्या आकड्याशी जुळवून पाहा. फ्यूजच्या जागी तार डकवलेली दिसली तर पैसे देऊ नका, आधी फ्यूज बसवून घ्या.